संध्याकाळची ताकद येते कुठून?
लेखमाला : शरीराचं घड्याळ (लेखांक 6)

मागच्या लेखांकात मेंदूतल्या मुख्य घड्याळाची ओळख झाली. हायपोथॅलॅमसमधला सुमारे 20 हजार पेशींचा तो पुंजका उजेडाशी जुळवून घेत सगळ्या शरीराला दिवसरात्रीचा ताल देतो. तो ताल हातापायांपर्यंत कसा पोचतो, ते या वेळी पाहू.

निरोगी माणसाच्या हाताची पकड मोजा, जागच्या जागी उंच उडी मारायला सांगा किंवा छोटी, वेगाची धाव लावा. बहुतेकांचा आकडा सकाळी कमी भरतो आणि दुपारी 4 ते रात्री 8 च्या दरम्यान सर्वांत जास्त. फरक साधारण 5 ते 15 टक्क्यांचा. अव्वल खेळाडूंत तो पुष्कळ कमी होतो, पण पुसला जात नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी अथेन्स (2004) ते रिओ (2016) या चार ऑलिंपिकमधल्या जलतरणाच्या वेळा तपासल्या. सर्वांत वेगवान वेळा संध्याकाळी पाचच्या सुमाराला पडत होत्या. दिवसभरातला फरक अवघा 0.37 टक्के. 2008 साली बीजिंगमध्ये 100 मीटर बटरफ्लायचं सुवर्णपदक मायकेल फेल्प्सला 0.01 सेकंदाने मिळालं, हे आठवलं की 0.37 टक्क्यांचं मोल कळतं.

हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून नसेत येतो आणि नसेतून स्नायूवर पोचतो. मग संध्याकाळी यांतलं नेमकं काय सुधारतं?

आधी नस घेऊ. हातातल्या नसेत संदेश सेकंदाला साधारण 50 ते 60 मीटर वेगाने धावतो. नस गार झाली की प्रत्येक अंशामागे हा वेग जवळपास 2 मीटरने उतरतो. म्हणूनच नसेतल्या संदेशाचा वेग मोजणारी ‘एनसीव्ही’ चाचणी करणारा तंत्रज्ञ आधी रुग्णाच्या हाताचं तापमान पाहतो आणि हात गार लागला तर त्याला ऊब देऊन मगच इलेक्ट्रोड लावतो. नाही तर चांगली नसही रिपोर्टात मंद दिसायची. शरीराच्या आतलं तापमान पहाटे 4-5 च्या सुमाराला सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतं, पण ही चढउतार अर्ध्या ते एका अंशाची. तेवढ्याने मानेपासून बोटांपर्यंतच्या प्रवासात जेमतेम अर्धा मिलिसेकंद वाचेल. दिवा लागताच बटण दाबायला आपल्याला 200 मिलिसेकंद लागतात, त्यात अर्ध्याचा काय पाड? पहाटे आपण गाडीचा ब्रेक उशिरा दाबतो, तो दोष नसेचा नव्हे, पेंगुळलेल्या मेंदूचा. शरीराचं तापमान चढतं तशी प्रतिक्रियाही चपळ होत जाते, हे नॅथॅनिएल क्लाइटमन या निद्रासंशोधकाने 1930 च्या दशकातच दाखवलं होतं.

नस सुटली. उरले मेंदू आणि स्नायू. त्यांचा निवाडा करायला फ्रान्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी 1999 मध्ये एक नामी प्रयोग केला. त्यांनी अंगठा तळहाताकडे ओढणारा लहानसा स्नायू निवडला. सकाळी 7 वाजता आणि संध्याकाळी 6 वाजता माणसाला अंगठा होता नव्हता तेवढा जोर लावून दाबायला सांगितलं. संध्याकाळचा जोर सुमारे 9 टक्क्यांनी जास्त भरला. मग त्याच स्नायूच्या नसेला बाहेरून विजेचा झटका दिला. आता हुकूम मेंदूचा नव्हता, यंत्राचा होता. उत्साह, आळस, झोप यांचा संबंधच उरला नाही. तरीही संध्याकाळी स्नायू जास्त जोराने आवळला. म्हणजे वाढीव ताकदीचा मोठा वाटा स्नायूतच आहे.

स्नायूत काय बदलतं? एक कारण तापमान. थंडीत तूप थिजावं तसे गार स्नायू आणि त्यांच्या भोवतीचे पापुद्रे ताठर राहतात. ऊब मिळाली की तंतू एकमेकांवरून झपाट्याने सरकतात. पण सगळा खेळ तापमानाचा नाही. स्नायूंच्या पेशींतही स्वतःची घड्याळ-जनुकं आहेत. उंदरांतलं त्यांपैकी ‘बीमल-1’ हे जनुक काढून टाकलं, तर त्यांचे स्नायू अशक्त होतात.

पण म्हणून मेंदू अगदीच निर्दोष सुटत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 2009 मध्ये पहाटे उठणाऱ्या आणि रात्री जागणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांची ताकद दिवसभरात अनेकदा मोजली गेली. मज्जारज्जूची तत्परता दोन्ही गटांत दिवस चढेल तशी वाढत गेली. रात्री जागणाऱ्यांचा मेंदूही रात्री 9 वाजता सर्वाधिक तत्पर होता. दोन्ही एका दिशेने चालल्यामुळे त्यांची ताकद वाढत गेली. पहाटे उठणाऱ्यांचा मेंदू मात्र सकाळी 9 लाच शिगेला पोचून नंतर उतरत होता. मेंदू उतरणीला, मज्जारज्जू चढणीला. परिणामी त्यांची ताकद दिवसभर जवळपास तेवढीच राहिली. संध्याकाळ सगळ्यांना सारखी फळत नाही, ती अशी.

याचा उपयोग काय? पोलीस भरतीची मैदानी चाचणी बहुधा भल्या सकाळी सुरू होते. धाव आणि गोळाफेक, दोन्हींत ऐन वेळी सगळी ताकद लावायची. जी मुलं रोज संध्याकाळीच मैदानावर जातात, ती आपले चांगले आकडे संध्याकाळचे धरून बसतात आणि परीक्षा देतात सकाळी. सरावाने हे अंतर कमी होतं. काही आठवडे सकाळीच सराव केला, तर सकाळची कामगिरी संध्याकाळच्या जवळ येते. चाचणीच्या वेळेलाच सराव करावा, चाचणीआधी निदान दोन-अडीच तास उठलेलं असावं आणि सकाळचा वॉर्म-अप संध्याकाळपेक्षा लांब ठेवावा.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी सकाळी आणखी एक गोष्ट सांभाळावी. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. आपली उंची सकाळी एक-दोन सेंटिमीटरने जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. कंबरदुखी असणाऱ्यांनी उठल्या उठल्या पायाची बोटं धरायला जाऊ नये, पाण्याची बादलीही वाकून उचलू नये.

काही आजार तर घड्याळ बघूनच ओळखता येतात. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर संदेश अडतो. सकाळी डोळे नीट उघडे असतात, संध्याकाळपर्यंत पापण्या जड होऊन खाली येतात. रक्तातलं पोटॅशियम घसरून येणाऱ्या नियतकालिक पक्षाघातात उलटं घडतं: रात्री भरपेट जेवून झोपलेला धडधाकट तरुण सकाळी उठायला जातो तर पाय हलत नाहीत. जपानी डॉक्टर मासाया सेगावा यांनी 1970 च्या दशकात वर्णन केलेल्या आजारात मूल सकाळी सरळ चालतं आणि दिवस कलला की पाय वाकडे टाकू लागतं. पुष्कळदा हे मूल नाटक करतंय, असा समज होतो. खरं तर लेव्होडोपा या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेने ते नेहमीसारखं चालू लागतं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ‘अशक्तपणा वाटतो’ एवढ्यावर थांबू नका. किती वाजता वाटतो, उठल्यावर की दिवस कलल्यावर, विश्रांतीने बरं वाटतं की जास्त होतं, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही सोबत न्या.

(पुढच्या आठवड्यात : औषध घ्यायची वेळ का महत्त्वाची?)