उन्मळणे आणि मोडणे

वादळानंतरच्या बातम्यांत ‘झाडे उन्मळून पडली’ हे वाक्य ठरलेले असते. मग झाड मुळासकट उपटलेले असो की बुंध्यात तुटलेले. ‘उन्मळणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘मूळ’ आहे. खोड मध्येच तुटले तर ते मोडणे. बोलताना आपण हा भेद पुसून टाकतो. रानातल्या मातीच्या दृष्टीने मात्र या दोन निराळ्या घटना आहेत.

झाड मोडले तर जमीन होती तशीच राहते. उन्मळले तर मुळांनी धरून ठेवलेली माती भिंतीसारखी उभी राहते आणि तिच्या जागी खड्डा पडतो. पुढे मुळे कुजतात, माती ढासळते आणि खड्ड्याशेजारी उंचवटा तयार होतो. खड्ड्यात पाणी आणि पालापाचोळा साचतो. उंचवट्यावर खालची पोटमाती उघडी पडलेली असते. अगदी बारीक बीजाला पाचोळ्याच्या जाड थरातून मूळ मातीपर्यंत नेणे जमत नाही. त्याला ही उघडी माती मानवते.

अमेरिकेच्या ईशान्य भागात २१ सप्टेंबर १९३८ रोजी मोठे चक्रीवादळ आले. पडीक शेतांवर वाढलेली पाइनची राने आडवी झाली. वणव्याच्या भीतीने आणि लाकूड वाया जाऊ नये म्हणून सरकारने मोठ्या प्रमाणावर ओंडके काढले, ते तळ्यांत साठवले, उरलेल्या फांद्या जाळल्या. त्यानंतर काही वर्षे नद्यांतून वाहून जाणारे पाणी वाढल्याचे दिसले. हे वादळामुळे झाले की नंतरच्या सफाईमुळे?

मॅसॅच्युसेट्समधील पीटरशॅम येथील हार्वर्ड फॉरेस्टच्या संशोधकांनी ऑक्टोबर १९९० मध्ये यावर एक विलक्षण प्रयोग केला. ओक आणि मेपलच्या रानातील ०.८ हेक्टर तुकड्यावर त्यांनी यंत्राला बांधलेल्या दोराने झाडे ओढून पाडली, तीही १९३८ मध्ये पडली होती त्याच दिशेला. माथ्यावरच्या दर पाच झाडांपैकी चारांना इजा झाली. मग एकही लाकूड न उचलता ते निरीक्षण करीत राहिले.

रान उद्ध्वस्त दिसत होते, पण माती जवळपास जागची हलली नाही. तिचे तापमान, ओलावा, नत्राचे चक्र यांत अपेक्षेपेक्षा फारच थोडा बदल झाला. कारण आडव्या पडलेल्या झाडांची काही मुळे अजून जमिनीत होती. पुढच्या हंगामात बहुतेक इजा झालेल्या झाडांना पालवी आली, बुंध्यांतून धुमारे फुटले. जमिनीवर सावली राहिली आणि मोकळे झालेले नत्र जिवंत मुळांनी उचलले. सहा वर्षांत यांतली सुमारे पाऊण झाडे मेली, पण तोवर खालची पिढी वर आली होती. नवी रोपे मुख्यतः त्या उंचवट्यांवर रुजली. बर्चसारख्या बारीक बियांच्या झाडांना तिथेच जागा मिळाली.

हे थंड प्रदेशातले झाले. उष्ण कटिबंधात सगळे वेगाने घडते. १९८९ मध्ये ह्यूगो वादळ प्वेर्तो रिकोच्या लुकिलो रानावरून गेले तेव्हा वर्षभरात गळतो त्याहून अधिक पाला एका दिवसात खाली आला. तोही हिरवा. पान पिकून गळते तेव्हा झाड आधी त्यातले नत्र बरेचसे परत घेते. इथे ती सवड मिळाली नाही. ओढ्यांतले नायट्रेट काही काळ वाढले आणि रान पुन्हा दाटल्यावर उतरले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोवा-कोकणाच्या किनाऱ्याजवळून गेले, पावसाळा तोंडावर असताना. रस्त्यावरचे, घरावरचे झाड हटवलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. प्रश्न रानातल्या झाडाचा आहे. ते ओढून नेताना मुळे तुटतात, धुमारे चिरडतात, जमीन दबते. आणि जांभ्या दगडावरच्या पातळ मातीला जूनच्या सरी थेट झोडपतात. अशा मोकळ्या जागी चांदाड्यासारखे आपले झाड आले तर ठीक, बरेचदा येते ती रानमोडी. परदेशातून आलेल्या या झुडपाला हे नाव देणाऱ्याने काय पाहिले असेल, ते सांगायला नको. अनेक देवरायांत पडलेले लाकूडही बाहेर न नेण्याचा नेम आहे. त्यामागे देवाची भीती असली तरी मातीच्या बाजूने पाहता हार्वर्डच्या संशोधकांनी तेच केले.

जवळ जुनी देवराई असेल तर विद्यार्थ्यांना तिथे खड्डा-उंचवट्याची जोडी शोधायला लावावी. खड्ड्याकडून उंचवट्याकडे रेघ ओढली की झाड कोणत्या दिशेला पडले ते कळते, खोड केव्हाच कुजून गेलेले असले तरी.