सुईत दोरा कोण ओवणार?

(नातवंडं आणि आपण : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात हॉल, माइक आणि चहापाण्याचा हिशेब झाला. आज जरा अवघड मुद्दा. दोन पिढ्या एका हॉलमध्ये आल्या, म्हणजे त्या एकत्र आल्या का?

१ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, ठिकठिकाणी होणारा कार्यक्रम आठवा. पुढच्या रांगांत आजी-आजोबा. शाल, श्रीफळ, तिसरीतल्या मुलांचा कोळीनाच आणि प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण. असा एक कार्यक्रम मीच आखला होता, म्हणून सांगते. शेवटी बटाटेवडे वाटले तेव्हा मुलं एका कोपऱ्यात आणि म्हातारी माणसं दुसऱ्या. एकाही मुलाला एकाही आजोबांचं नाव कळलं नव्हतं. छत्तीस नारळ मात्र खपले.

कुठे चुकलं, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्यापुढे प्रश्न मुख्यतः वंशभेदाचा होता, वयाचा नव्हे. पण त्याचं म्हणणं इथे चपखल बसतं. नुसत्या सहवासाने मनातली अढी जात नाही. दोन्हीकडच्यांना बरोबरीचं स्थान हवं, दोघांचं काम एकच हवं, ते तडीस न्यायला एकमेकांवाचून अडायला हवं, आणि वरच्यांची त्याला संमती हवी. आमच्या कार्यक्रमात यातली फक्त शेवटची अट पुरी झाली होती, कारण सोसायटीचे अध्यक्ष स्वतःच व्यासपीठावर बसले होते!

बरोबरीचं स्थान म्हणजे काय, ते मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी दिसतं. ८ मार्च २०१६ रोजी तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. वर्ग दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातली कामं उरकल्यावर. (वेळ ठरवताना आपण बहुधा हॉल कधी मोकळा आहे ते बघतो, माणसं कधी मोकळी आहेत ते नाही.) शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासूही वर्गात. घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेतात. आजी इथे शिकणारी आहे खरी, पण नातवाच्या पाठीवरही दप्तर आहेच. त्यामुळे कुणी कुणावर उपकार करत नाही.

‘आजोबांना मोबाइल शिकवा’ छापाचे उपक्रम दोन बैठकींत आटोपतात, ते याच्याच अभावी. आजोबा कायमचे ‘ढ’ ठरतात आणि मुलं कायमची मास्तर. एकदा पारडं फिरायला हवं.

आम्ही दुसऱ्या खेपेला गोधडी घेतली. जुन्या नऊवारी साड्या, धोतरं, पांढरा दोरा. अट एकच घातली : सुईत दोरा मुलांनी ओवायचा, धावदोरा आज्यांनी घालायचा. पुढच्या रविवारी अदलाबदल. आज्यांना सुईचं भोक दिसेना, आणि मुलांचे टाके सापासारखे वळू लागले. एका मुलीने कंटाळून एकदम दोन हात दोरा घेतला, तेव्हा शेजारच्या आजी ओरडल्या, “हातभरच घे गं, लांब दोरा गुंततो!” तो गुंतलाच. मग दोघी अर्धा तास गाठ सोडवत बसल्या. त्या अर्ध्या तासात मुलीच्या शाळेपासून आजींच्या माहेरापर्यंत सगळं बोलून झालं. असा वेळ कार्यक्रमपत्रिकेत लिहिता येत नाही, फक्त त्याला जागा ठेवता येते.

बाकी गोष्टी थोडक्यात. जोड्या दरवेळी बदलू नका. जमिनीवर बसणं सगळ्यांना झेपत नाही, तेव्हा पाठ असलेल्या खुर्च्या आणि मधे टेबल मांडा. आणि एका दिवसात उरकेल असं काम निवडू नका; आमच्या गोधडीला सहा रविवार लागले.

पाचव्या रविवारी त्या आजींच्या सुनेशी बोलताना कळलं, की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. घरी ब्लाउजची बटणं त्या स्वतःच लावतात, दोरा ओवून. सहाव्या रविवारीही त्यांनी सुई त्या मुलीपुढेच धरली.

(पुढच्या आठवड्यात : मुलं आणायची कुठून?)