विश्लेषण : शरीराचे रक्षकच शरीरावर उलटतात तेव्हा… ‘टी-रेग’ पेशी नेमके काय करतात?

आमवात, टाइप १ मधुमेह, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस. हे आजार वेगवेगळ्या अवयवांचे असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे : रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. असा हल्ला बहुतेकांच्या शरीरात का होत नाही, याचे उत्तर शोधणाऱ्या मेरी ब्रन्कॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

चूक होते कुठे?

टी पेशी विषाणूबाधित पेशींना ओळखून मारतात किंवा इतर पेशींना सावध करतात. त्या छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. शत्रू ओळखणारा प्रत्येक पेशीवरचा ‘रिसेप्टर’ यदृच्छेने बनतो. त्यामुळे नवा विषाणूही ओळखता येतो. पण काही रिसेप्टर शरीरातील प्रथिनांनाच शत्रू समजतात. अशा पेशी थायमसमध्येच नष्ट केल्या जातात. तरीही काही या चाळणीतून निसटतात.

निसटलेल्यांना कोण आवरते?

नवजात उंदरांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, की त्यांना स्वयंप्रतिकार आजार होत. निरोगी उंदरांच्या ठरावीक टी पेशी टोचल्यावर मात्र ते टळत. हा धागा पकडून जपानच्या साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले, की सीडी-४ आणि सीडी-२५ ही प्रथिने पृष्ठभागावर असलेल्या टी पेशी इतर टी पेशींना लगाम घालतात. याच रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे ‘टी-रेग’.

जनुकाचा दुवा कसा सापडला?

‘स्कर्फी’ जातीचे नर उंदीर खवलेदार त्वचा घेऊन जन्मतात आणि काही आठवड्यांतच मरतात. ब्रन्कॉ आणि रॅम्सडेल यांनी त्यांच्या एक्स गुणसूत्रावरील २० संशयित जनुके तपासली. दोष सापडला तो शेवटच्या जनुकात. त्याला फॉक्सपी-३ नाव मिळाले. याच जनुकातील बिघाडामुळे लहान मुलांना ‘आयपेक्स’ हा गंभीर आजार होतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. त्यात तान्ह्या वयातच मधुमेह, तीव्र जुलाब आणि त्वचेचे विकार दिसतात. टी-रेग पेशी घडवणारे जनुक हेच, हे २००३ मध्ये सिद्ध झाले.

रुग्णांना फायदा काय?

सध्याची अनेक औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. हल्ला थांबतो, पण संसर्गाचा धोका वाढतो. टी-रेग वाढवता आल्या, तर फक्त चुकीचा हल्ला रोखता येईल, अशी आशा आहे. त्यासाठी इंटरल्युकिन-२ हे प्रथिन कमी मात्रेत देणे किंवा रुग्णाच्याच टी-रेग प्रयोगशाळेत वाढवून परत सोडणे, असे प्रयोग सुरू आहेत. कर्करोगात गणित उलटे असते : अनेक गाठी टी-रेग जमवून त्यांच्या आड लपतात. तिथे हा पहारा हटवावा लागतो.

मग प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ चांगले की वाईट?

बाजारात ‘इम्युनिटी बूस्टर’ची रेलचेल आहे. पण स्वयंप्रतिकार आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिचा ब्रेक सैल झालेला असतो. त्यामुळे अशा रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता अशी उत्पादने घेणे किंवा सुरू असलेली औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे ठरू शकते.