दुपारची झोप नको म्हणणारे मूल

दुपारचे जेवण झाले, भांडी आवरली, आता घटकाभर पाठ टेकावी असे आईच्या मनात येते आणि नेमकी तेव्हाच दीड-दोन वर्षांच्या बाळाला घरभर धावण्याची लहर येते. जवळ घेऊन निजवावे तर ते उठून बसते, थोपटावे तर हात झिडकारते. शेवटी दिवेलागणीच्या वेळी खेळता खेळता जमिनीवरच झोपी जाते आणि मग रात्री अकरा वाजले तरी त्याचा डोळा लागत नाही. ‘आमच्या बाळाला झोपच कमी’ असे म्हणून काही पालक हा विषय सोडून देतात, तर काही जण कंटाळून औषधाच्या बाटलीकडे वळतात. पहिली समजूत बहुधा चुकीची असते आणि दुसरा उपाय तर घातकच.

झोप किती हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास पुरतात. बहुतेक मुले सव्वा ते दीड वर्षाची होईपर्यंत दिवसातून दोनदा झोपतात. पुढे सकाळची झोप सुटते आणि दुपारची एकच उरते. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेकांची तीही सुटते. म्हणून चार वर्षांचे मूल दुपारी झोपत नसेल, पण रात्री पोटभर झोपून दिवसभर हसतेखेळते असेल, तर काळजीचे कारण नाही. दीड वर्षाचे मूल मात्र दुपारी झोपले नाही तर संध्याकाळी त्याची किरकिर सुरू होते, ते जेवत नाही आणि लहानसहान गोष्टीवरून भोकाड पसरते.

मूल झोपेला का विरोध करते?

जागेपणी जसजसा वेळ जातो तसतशी शरीरात झोपेची गरज साठत जाते. सकाळी नऊ वाजता उठलेल्या मुलाला एक वाजता झोप येणार नाही, कारण ती गरज पुरेशी साठलेलीच नसते. उलट फार उशीर झाला तर मूल अतिशय दमते. मग शरीर त्याला जागे ठेवण्यासाठी उत्तेजित होते आणि दमलेले मूल शांत होण्याऐवजी अधिकच उड्या मारू लागते. ‘अजून किती दम आहे बघा!’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण ती अनेकदा थकव्याची खूण असते. शिवाय या वयात मुलाला ‘नाही’ म्हणण्याची नवी शक्ती सापडलेली असते. घरात सगळे जागे, टीव्ही चालू, दादा-ताई खेळताहेत, मग मीच का झोपू, हा त्याचा प्रश्न रास्तच म्हणायचा.

काय करावे?

सुरुवात सकाळपासून करावी. अनेक घरांत वडील दुकान बंद करून रात्री दहाला येतात, मूल त्यांच्यासाठी जागे राहते आणि सकाळी नऊला उठते. अशा वेळी दुपारचे वेळापत्रक कोलमडणारच. मुलाला रोज ठरावीक वेळी, शक्यतो सातच्या सुमारास उठवावे. सकाळी उन्हात, अंगणात किंवा गच्चीवर मनसोक्त खेळू द्यावे.

दुपारी साडेअकरा-बाराला वरण-भातासारखे साधे जेवण द्यावे. भुकेले मूल झोपत नाही. जेवणानंतर थोड्या वेळाने डोळे चोळणे, जांभया देणे, कान ओढणे, उगाच चिडणे ही लक्षणे दिसू लागतात. ती दिसताच निजवण्याची तयारी सुरू करावी. वेळ टळली की काम अवघड होते.

ही तयारी रोज एकाच क्रमाने व्हावी. हातपाय धुणे, शू करवणे, सैल सुती कपडे घालणे, पडदा ओढणे, मग तीच गोधडी, तीच अंगाई किंवा एक छोटी गोष्ट. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. या क्रमामुळे आता काय होणार हे मुलाला कळते आणि ते आपोआप सैलावते. उन्हाळ्यात खोली हवेशीर ठेवावी. वीज गेल्यास सर्वांत थंड असेल त्या खोलीत निजवावे. निदान अर्धा तास आधी टीव्ही व मोबाइल बंद असावा. मोबाइल दाखवून निजवण्याची सवय तर लावूच नये. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, हेच उत्तम.

‘झोपतोस की नाही?’ असे दरडावू नये आणि बागुलबुवाची भीतीही घालू नये. घाबरलेले मूल झोपत नाही, ते नुसते डोळे मिटते. ‘हे पांघरूण की ते?’ एवढी निवड त्याला द्यावी. आजी-आजोबा, काकू यांनाही वेळ सांगून ठेवावी, म्हणजे सगळे घर एकाच पद्धतीने वागेल. अर्ध्या तासात झोप आली नाही तर हट्ट धरू नये. अंथरुणावरच चित्रांचे पुस्तक किंवा बाहुली देऊन शांत पडू द्यावे. तीही विश्रांतीच असते. झोपलेल्या मुलाला साडेतीनच्या सुमारास हलकेच उठवावे, नाहीतर रात्रीची झोप लांबते.

हे करू नये

पूर्वी काही घरांत मुलाला अफूचा कण चाटवून निजवत. त्याने श्वास मंदावतो आणि मूल दगावू शकते. आज त्याची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाने घेऊ नये. क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. झोपेसाठी कोणतेही औषध मनाने देऊ नये.

दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नये. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर साचते आणि दात किडतात. चालू-चढू लागलेल्या मुलाला झोळीत एकटे ठेवू नये. ते उठताना पडू शकते किंवा कापडाचा फास बसू शकतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडकत असेल, तर टॉन्सिल वा नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का हे तपासून घ्यावे. मूल फिकट दिसत असेल व झोपेत सतत पाय झाडत असेल, तर रक्तातील लोहाची तपासणी करावी. पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगणारे मूलही डॉक्टरांना दाखवावे.

नवी सवय एका दिवसात लागत नाही. पहिले काही दिवस रडारड होईल, आजीला दया येईल, एखादी दुपार फुकटही जाईल. तरी ठरलेली वेळ आणि क्रम दोन आठवडे सोडू नका. बहुतेक मुले तोपर्यंत रुळतात आणि मग आईलाही दुपारी घटकाभर पाठ टेकता येते. तिलाही त्या विश्रांतीची तितकीच गरज असते, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे.