केनियातील ‘पेसा’ आणि कारभाराची पावती

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात आणि दुकानाला ‘दुका’. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हे शब्द आपल्या बाजूने तिकडे गेले, असे मानले जाते. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रुळांच्या मागोमाग गुजरातेतील दुकानदार आत सरकले. त्यांत हालार प्रांतातले ओसवाल जैनही होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तर तिथले चलनही रुपयाच होते. तेव्हा केनिया आपल्याला वाटतो तितका परका देश नाही. सिंह, दुष्काळ आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांपलीकडे आपण त्याच्याकडे सहसा पाहत नाही, एवढेच.

मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु रोग्याची हकिगत ऐकताना ‘औषध दिले’ यापेक्षा ‘गुण कशाने आला’ हे शोधण्याची सवय लागते. त्याच सवयीने या देशाकडे पाहू या.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने केनियात ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. आधी, २००५ पासून, लहान कर्जाचे हप्ते फोनवरून फेडता यावेत म्हणून तिचा प्रयोग झाला होता. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने त्याला पैसा पुरवला होता. प्रयोगात सामील झालेली माणसे मात्र हप्ते फेडण्याबरोबर एकमेकांना पैसे पाठवू लागली. कंपनीने हे पाहिले आणि ‘घरी पैसे पाठवा’ या एका वाक्यावर सारी जाहिरात उभी केली.

तिची रीत अशी. नैरोबीत रखवालदारी करणारा माणूस नाक्यावरच्या ‘दुका’त जातो आणि रोख रक्कम देतो. दुकानदाराने कंपनीकडे आधीच काही रक्कम भरून ठेवलेली असते. त्यातली तेवढी रक्कम तो रखवालदाराच्या फोनच्या खात्यात वळती करतो. रखवालदार गुप्त आकडा टाकून ती गावी बायकोच्या क्रमांकावर पाठवतो. दोघांच्याही फोनवर संदेश येतो : किती गेले, कोणाला गेले, शिल्लक किती. बायको गावातल्या दुकानात ओळखपत्र दाखवून रोख घेते. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, बँकेत खाते नको. लोकांचा जमा पैसा कंपनीच्या स्वतःच्या पैशात मिसळत नाही. तो विश्वस्त खात्यात बँकांत ठेवलेला असतो. पूर्वी हेच पैसे पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे दिले जात, आणि पोहोचले की नाही हे कळायला आठवडा जाई.

पुढच्याच वर्षी बँकांनी सरकारकडे कुरकुर केली. तपासणी झाली, व्यवस्था भक्कम निघाली. दरम्यान २००७ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर देशात भीषण दंगली उसळल्या होत्या आणि अकराशेहून अधिक माणसे मारली गेली होती. रस्ते बंद, बँका बंद, अशा दिवसांत वस्त्यांमध्ये अडकलेल्या नातेवाइकांना लोकांनी फोनवरून पैसे पाठवले. संकटात उपयोगी पडलेली वस्तू माणूस विसरत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. गरीब घराला दुखणे दोनदा मारते; एकदा शरीरात आणि एकदा खिशात. दवाखान्यात चार दशके हेच पाहतो आहे. ताप उतरतो, पण त्यासाठी विकलेली शेळी परत येत नाही. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी केनियातील कुटुंबांचा अभ्यास करून २०१४ साली जे मांडले, ते म्हणून मला फार मोलाचे वाटते. आजारपण, नोकरी जाणे असा आघात झाला की एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सरासरी ७ टक्क्यांनी घटला, म्हणजे ताटातले कमी झाले. वापरणाऱ्या घरांत तशी घट दिसली नाही. कारण साधे आहे. भाऊ, मामा, शहरातला पुतण्या पूर्वीही मदत करायला तयारच होता. आता त्याची मदत त्याच दिवशी पोहोचत होती. याच दोघांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे दारिद्र्यातून वर आली आणि त्यात बायकांच्या हाती कारभार असलेल्या घरांना अधिक लाभ झाला. शेतीतून निघून छोटा व्यवसाय थाटणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढली.

परंतु प्रत्येक औषधाला मात्रा असते. २०१२ च्या अखेरीस याच फोनवर झटपट कर्ज मिळू लागले. तीस दिवसांच्या कर्जाला साडेसात टक्के शुल्क. ऐकायला थोडे वाटते. वर्षाचा हिशेब मांडला तर ते नव्वद टक्क्यांवर जाते. नंतर खासगी कर्ज-ॲपांचे पीक आले. हप्ता चुकला की त्यांतली काही ॲपे कर्जदाराच्या फोनमधील क्रमांक उपसून त्याच्या सासऱ्याला, मालकाला फोन करत आणि त्याची अब्रू काढत. अखेर २०२२ मध्ये केंद्रीय बँकेने अशा सावकारांना परवाना सक्तीचा केला. पैसे पाठवणे सोपे झाले की कर्जात बुडणेही सोपे होते, हे आपल्याकडच्या लोकांनाही आता सांगावे लागत नाही.

आता सरकारी कारभार. ऑगस्ट २०१७ मध्ये केनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतदान केंद्रांवरून निकाल यंत्राने राजधानीत पाठवायचे होते. निकाल जाहीर झाला, आणि विरोधक न्यायालयात गेले. न्यायालयाने निवडणूक आयोगाला आपले सर्व्हर तपासणीसाठी खुले करायला सांगितले. आयोगाने ते नीट केले नाही. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूकच रद्द ठरवली. आफ्रिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याची ती पहिलीच वेळ. मते कोणाला पडली यापेक्षा, मोजणीची वाट लोकांना दिसली का, हा प्रश्न तिथे मोठा ठरला.

पाच वर्षांनी आयोगाने वेगळी वाट धरली. प्रत्येक मतदान केंद्रावर निकालाचा एक कागदी तक्ता भरला जातो. त्याला ‘नमुना ३४-अ’ म्हणतात. २०२२ मध्ये देशभरातील ४६,००० हून अधिक केंद्रांच्या या तक्त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली गेली. वृत्तवाहिन्या, पक्ष, महाविद्यालयातली मुले, ज्याला हवे तो बेरीज करू शकत होता. लढत अटीतटीची होती : विल्यम रुटो ५०.४९ टक्के, रायला ओडिंगा ४८.८५ टक्के. सातपैकी चार आयुक्तांनी निकालापासून हात झटकले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला, आणि २००७ सारखी होळी पेटली नाही. त्यामागे इतर कारणेही असतील. पण प्रत्येक केंद्राचा कागद उघड्यावर असला की अफवेला जागा कमी उरते, हे नक्की.

पावती सर्वांना मिळतेच असे मात्र नाही. इंग्रजांनी सुदानमधून आणलेल्या सैनिकांचे वंशज, ‘नुबियन’ लोक, चार पिढ्यांहून अधिक काळ केनियात राहतात. तरी ओळखपत्रासाठी त्यांच्या तरुणांना वेगळ्या चौकशी-समितीपुढे उभे राहावे लागत असे. २०१९ मध्ये सरकारने ‘हुडुमा नंबा’ हा सर्वांसाठी एकच क्रमांक आणला, तेव्हा त्यांच्या संघटनेने विचारले : ज्याच्याकडे पहिला कागदच नाही, त्याला हा क्रमांक कसा मिळणार? उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये माहितीच्या संरक्षणाचे पुरेसे नियम होईपर्यंत योजनेला लगाम घातला आणि डीएनएची माहिती घेण्यास मनाई केली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कागद, भाषा आणि कचेरीची खिडकी यांचे नाते निराळे समजावून सांगायला नको.

या साऱ्या हकिगतीतून मला एक कसोटी हाती लागते. कोणतीही नवी यंत्रणा आली की तीन गोष्टी विचाराव्यात. व्यवहाराची पावती सामान्य माणसाच्या हातात येते का? त्याच्या ओळखीच्या ‘दुका’त जाऊन तो तक्रार करू शकतो का? आणि पहिला कागद नसलेल्याला आत येण्याची वाट आहे का? एम-पेसा पहिल्या दोन कसोट्यांना उतरली म्हणून रुजली. २०१७ ची मोजणी पहिल्याच कसोटीला नापास झाली आणि हुडुमा नंबा तिसरीला.

यंत्र महाग आहे की स्वस्त, परदेशी आहे की स्वदेशी, हे प्रश्न नंतरचे. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात, दवाखान्यातही हेच तीन प्रश्न विचारता येतील. त्यासाठी नैरोबीला जावे लागत नाही.