मुकुटाचे वर्ष

२०२५ च्या मे महिन्यात आपल्या हैदराबादेत जगातील लावण्यवतींचा मेळा भरला होता. बहात्तराव्या ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेसाठी १०८ देशांच्या तरुणी येथे आल्या. चारमिनार आणि लाड बाजारातील बांगड्यांची दुकाने, चौमहल्ला राजवाडा, पोचमपल्लीचे हातमाग असा त्यांचा संचार घरोघरी कौतुकाने पाहिला गेला. ३१ मे रोजी हायटेक्स संकुलात थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगश्री हिच्या मस्तकी मुकुट चढला. इथिओपियाची हासेत देरेजे दुसरी आली. सोहळा संपला, मांडव उतरले. पण एक प्रश्न मागे राहिला. या झगमगाटाकडे आपल्या मुलींनी कोणत्या दृष्टीने पाहावे?

या स्पर्धेचा जन्म १९५१ मध्ये लंडन येथे झाला. ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या उत्सवाच्या निमित्ताने एरिक मॉर्ले या करमणूक-व्यावसायिकाने ती भरविली. तिचे मूळ जाहिरातीत आहे, हे विसरून चालणार नाही. तिला होणारा विरोधही जुनाच. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीमुक्तीच्या पुरस्कर्त्या महिलांनी भर कार्यक्रमात पिठाचा मारा केला. १९९६ मध्ये स्पर्धा बंगळूरला भरली, तेव्हा निदर्शनांमुळे पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. २०१४ च्या अखेरीस तर ती फेरी बंद करण्याचेच आयोजकांनी जाहीर केले. टीका अगदीच वाया गेली नाही, असे म्हणावयास हरकत नाही. अलीकडे प्रत्येक स्पर्धक एखादे समाजकार्य हाती घेते. ओपलला सोळाव्या वर्षी स्तनात गाठ आढळली होती. त्या अनुभवातून तिने स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचे काम आरंभिले. हे काम मोलाचे आहे, याविषयी दुमत नसावे.

तथापि याच महिन्यात दोन घटना अशा घडल्या, की त्यांनी विचारी माणसाचे मन अस्वस्थ व्हावे. रामप्पा मंदिराच्या भेटीत काही स्थानिक स्त्रियांनी पाहुण्या तरुणींच्या पायांवर पाणी घातले, त्यांचे पाय पुसले. अतिथी देवो भव, असे त्याचे समर्थन झाले. पण आतिथ्यात यजमानाची मान ताठ राहावी लागते. दुसरी घटना इंग्लंडच्या मिला मॅगीची. ती स्पर्धा अर्धवट सोडून मायदेशी परतली आणि धनिक पाहुण्यांचे मन रिझविण्यासाठी आपल्याला बसविले गेले, अशी तक्रार तिने तेथील वृत्तपत्राकडे केली. आयोजकांनी ती साफ नाकारली. खरेखोटे काहीही असो, एक गोष्ट स्पष्ट आहे. सौंदर्याला दाद देणे निराळे आणि माणसाला शोभेची वस्तू मानणे निराळे. ही सीमारेषा फार बारीक आहे. एका बाजूला पाय पुसणारी गरीब स्त्री आणि दुसऱ्या बाजूला मेजवानीत बसविलेली सुंदर तरुणी, दोघींच्या बाबतीत ती पुसट झाली.

येथे आपल्या परिचयाचे एक उदाहरण आठवते. मूळ गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईत वाढलेली रीटा फारिया १९६६ मध्ये हा मुकुट जिंकणारी पहिली भारतीय ठरली. ती तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेत होती. मुकुटाबरोबर करार आला, प्रवास आले. बॉब होप यांच्या पथकाबरोबर ती व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपुढेही गेली. परंतु वर्ष संपताच चित्रपट आणि जाहिराती यांच्या मोहाकडे पाठ फिरवून तिने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण पुढे चालू ठेवले. नंतर डॉक्टर म्हणून ती डब्लिनमध्ये स्थायिक झाली. मुकुटाचे वर्ष आले आणि गेले. विद्या आयुष्यभर सोबतीला राहिली.

आपल्या गावचीही एक कन्या या यादीत आहे. हैदराबादेत जन्मलेल्या डायना हेडनने १९९७ मध्ये हाच किताब मिळविला. आज शाळाशाळांतून मुली ही नावे आवडीने सांगतात. त्यात गैर काही नाही. नीटनेटके राहावे, चारचौघांत निर्भयपणे बोलावे, परदेशी माणसाशी बरोबरीच्या नात्याने वागावे, हे गुण घेण्याजोगेच आहेत. मात्र आरशासमोर उभी राहून स्वतःच्या वर्णाला नि उंचीला उणे लेखणारी मुलगी पाहिली, की शिक्षकाचे काळीज हलते. १०८ जणींतून एकीला मुकुट मिळतो. उरलेल्या १०७ कुरूप ठरत नाहीत, आणि घरी बसून पाहणाऱ्या लाखोजणी तर नाहीतच. हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे. ते काम आईवडिलांचे, आजी-आजोबांचे आहे. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुलींच्या शिक्षणासाठी मागच्या पिढ्यांनी पोटाला चिमटा घेतला, तो त्यांनी परीक्षकांच्या नजरेने स्वतःला मोजावे म्हणून नव्हे.

रामप्पाचे देऊळ काकतीय सेनापती रेचर्ल रुद्र याने १२१३ मध्ये बांधविले. त्याचे खरे नाव रुद्रेश्वर. त्यावरील कृष्णशिलेच्या मदनिका पाहून आजही दृष्टी खिळते. परंतु लोकांनी त्या देवळाला नाव दिले ते ना सेनापतीचे, ना मदनिकांचे. परंपरा सांगते की ते घडविणाऱ्या शिल्पकाराचे. आठशे वर्षे लोकमानस कोणाला मान देते, याचे हे बोलके उदाहरण आहे. आपल्या लेकींना तेथे जरूर न्यावे, मदनिकांचे लावण्य डोळे भरून पाहू द्यावे आणि रामप्पाची गोष्टही सांगावी.