लोकांना दाखवायचा प्रियकर

प्रेमकथांच्या दुनियेत काही कथाबंध इतके रुळलेले असतात की, पुस्तक हातात घेतानाच वाचकाला त्याचा शेवट ठाऊक असतो आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो ते आवडीने वाचतो. ‘खोटे प्रेमप्रकरण’ हा असाच एक कथाबंध होय. दोन व्यक्ती काही व्यावहारिक गरजेपोटी चारचौघांत जोडपे म्हणून वावरण्याचे ठरवतात, त्यासाठी आपापसांत अटी घालून घेतात, आणि सोंग वठवता वठवता दोघांनाही एकमेकांची खरीखुरी ओढ लागते. ज्यूलिया क्विन यांच्या ‘द ड्यूक अँड आय’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, जिच्यावर पुढे ‘ब्रिजर्टन’ मालिकेचे पहिले पर्व बेतले गेले, हाच बनाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये घडतो. मराठी प्रेक्षकाला खोट्या जोडप्यांची गंमत १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’पासून परिचित आहे, मात्र तेथे भाड्याची जागा मिळवण्यासाठी दोघा पुरुषांना लुगडे नेसून बायका व्हावे लागते, आणि दोन पुरुषांचे जोडपे पुरुष म्हणूनच घरमालकिणीपुढे उभे राहू शकेल ही शक्यता कोणाच्या मनाला शिवतही नाही. नेमकी हीच शक्यता गृहीत धरून, लेखक अ‍ॅलेक्सिस हॉल यांनी ‘बॉयफ्रेंड मटेरियल’ ही कादंबरी लिहिली, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

कथानायक ल्यूक ओडॉनेल हा लंडनमध्ये राहणारा, ऐन तिशीच्या उंबरठ्यावरचा समलिंगी तरुण आहे. त्याचे आईवडील दोघेही एके काळचे नामांकित रॉक गायक. वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले, आणि आता दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेचे परीक्षक म्हणून त्यांना पुन्हा प्रसिद्धी मिळू लागल्यामुळे वृत्तपत्रांची नजर मुलाकडेही वळली आहे. ल्यूकची नोकरी शेणकिड्यांच्या संवर्धनासाठी झटणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत आहे, आणि त्याचे काम त्या संस्थेसाठी निधी गोळा करण्याचे आहे. पार्टीतून बाहेर पडताना तो धडपडतो, त्याचे छायाचित्र छापून येते, आणि संस्थेचे काही देणगीदार हात आखडता घेतात. वार्षिक निधिसंकलनाच्या मेजवानीपर्यंत ही नाराजी दूर करायची तर त्याच्या शेजारी एखादा सभ्य, स्थिरस्थावर, कोट-टायमधला प्रियकर दिसायला हवा, असा तोडगा निघतो. ब्रिजेट नावाची मैत्रीण त्यासाठी ऑलिव्हर ब्लॅकवुडचे नाव सुचवते. ऑलिव्हर फौजदारी खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारा बॅरिस्टर असून शाकाहारी आणि कमालीचा शिस्तीचा आहे. त्यालाही आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सोबत नेण्यासाठी कोणीतरी हवे आहे. असा दोन्ही बाजूंच्या सोयीचा सौदा ठरतो.

या कथाबंधाची खरी गंमत त्याच्या उलट्या क्रमात आहे. एरवी ओळख, ओढ, कबुली, मग घरच्यांशी भेट असा प्रवास होतो. येथे हात हातात घेणे, एकमेकांच्या मित्रांत मिसळणे, आईला भेटणे हे सारे आधी उरकते आणि कबुली मात्र शेवटपर्यंत लांबते, कारण समोरचा केवळ ठरलेली भूमिका पार पाडतो आहे अशी दोघांचीही समजूत असते. संकोचाने जे करता आले नसते ते करण्याची सोंगाने मुभा मिळते. हॉल यांनी निवेदन ल्यूकच्या तोंडी दिल्यामुळे त्यात आणखी एक पेच येतो: ल्यूकला एका जुन्या प्रियकराने त्याची खासगी माहिती वृत्तपत्राला विकून फसवले आहे, त्यामुळे ऑलिव्हरच्या प्रत्येक आस्थेचा तो उलटा अर्थ लावतो, आणि त्याच्याच शब्दांतून वाचकाला मात्र खरा अर्थ कळत राहतो. ज्या विनोदासाठी ही कादंबरी वाखाणली गेली तोही याच जातीचा आहे. ल्यूक कार्यालयात गेल्यावर अ‍ॅलेक्स ट्वॅडल या उच्चकुलीन, पण बुद्धीने बेताच्या सहकाऱ्याला एखादा साधा शाब्दिक विनोद सांगतो. अ‍ॅलेक्सला तो कळत नाही. मग तो समजावून देण्यात पानभर संवाद खर्ची पडतो, आणि मूळ विनोदाला नसलेली मजा त्या खटाटोपाला येते. क्वचित हा प्रकार लांबतो, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु या कादंबरीचा विशेष तिच्या विनोदात नाही, खोटेपणा नेमका कुठे आहे या प्रश्नाच्या तिने केलेल्या मांडणीत आहे. समलिंगी माणसाच्या आयुष्यातील खोटे नाते म्हणजे पूर्वी लपण्याची जागा असे. हॉलिवूडमध्ये ‘लॅव्हेंडर मॅरेज’ नावाने ओळखला जाणारा प्रकार, म्हणजे लोकापवाद टाळण्यासाठी भिन्नलिंगी व्यक्तीशी केलेला देखाव्याचा विवाह, हे त्याचे ठळक रूप. अभिनेता रॉक हडसनचा १९५५ मधील विवाह या संदर्भात वारंवार सांगितला जातो. हिंदीत २०२२ चा ‘बधाई दो’ हा चित्रपट याच विषयावर बेतलेला आहे. ल्यूक आणि ऑलिव्हर मात्र आपण समलिंगी आहोत हे कोणापासूनही लपवत नाहीत. त्यांचे सोंग निराळे आहे: ते समाजाला पटेल, पचेल, मेजवानीच्या टेबलाशी बसवता येईल अशा समलिंगी जोडप्याचे सोंग आहे. देणगीदार उघड द्वेष करणारे नाहीत. त्यांना समलिंगी माणूस चालतो, फक्त तो नीटनेटका, एकनिष्ठ आणि वृत्तपत्रात न झळकणारा असावा लागतो. समाजशास्त्रात याला ‘प्रतिष्ठेचे राजकारण’ म्हणतात, म्हणजे वंचित गटाने बहुसंख्यांच्या शिष्टाचाराप्रमाणे वागून दाखवले तरच त्याला मान द्यायचा, अशी अलिखित अट. उघड शत्रुत्वापेक्षा ही अट ओळखायला कठीण असते, आणि म्हणूनच ती विनोदी कादंबरीला उत्तम विषय पुरवते.

या अटीपर्यंत पोहोचण्याआधी ब्रिटनने बराच पल्ला गाठला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खासगीतील समलिंगी संबंध १९६७ च्या कायद्याने गुन्हा राहिले नाहीत. तरी १९८८ मध्ये ‘सेक्शन २८’ या तरतुदीने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास मनाई केली, आणि ती तरतूद इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकली. २००४ च्या कायद्याने नोंदणीकृत सहजीवनाची सोय झाली आणि मार्च २०१४ मध्ये पहिले समलिंगी विवाह लागले. साहित्याचा प्रवासही याला समांतर आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि तिचा शेवट सुखाचाच हवा असा आग्रह धरला. परंतु ती छापली गेली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या काळात अशा नायकाला तुरुंग किंवा मृत्यू हाच शेवट शोभतो असे मानले जाई, त्या काळात सुखान्त हाच आक्षेपार्ह भाग होता. मराठीतही विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील समलिंगी नायिका मित्रा जगाशी झुंजता झुंजता संपून जाते. प्रेमकादंबरी या प्रकाराचा तर सुखान्त हा मूलभूत नियमच असल्यामुळे, तिच्या चौकटीत दोन पुरुष येऊन बसले की शोकान्ताची ती जुनी सक्ती आपोआप गळून पडते. समीक्षक ज्या ठरावीकपणाला नाके मुरडतात, त्या ठरावीकपणाची येथे अशी अनपेक्षित किंमत ठरते.

कादंबरीतील सर्वांत कसदार प्रकरण ऑलिव्हरच्या आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवस-सोहळ्याचे आहे. तोवर वाचकाला ऑलिव्हर हा आदर्श पुरुष वाटत असतो, ल्यूक बिघडलेला आणि ऑलिव्हर सावरलेला अशी सरळ विभागणी दिसत असते. त्या सोहळ्यात मात्र त्याचे आईवडील साध्यासाध्या गोष्टींवरून, हसतखेळत, त्याला किती खाली ओढतात हे दिसू लागते. त्यांना मुलगा समलिंगी असल्याचे मान्य आहे, निदान तसे ते म्हणतात, परंतु तो कधीही पुरेसा चांगला ठरत नाही. ऑलिव्हरची शिस्त, त्याचा व्यायाम, त्याचे निर्दोष घर हे सारे त्या न मिळालेल्या पसंतीसाठी चाललेले आयुष्यभराचे सोंग आहे, हे उमगल्यावर दोघांमधला ठरवून केलेला बनाव त्यापुढे किरकोळ वाटू लागतो. ऑलिव्हर अखेर वडिलांना तोंडावर सुनावतो, आणि लगेच ल्यूकशीही संबंध तोडतो. प्रेमकादंबऱ्यांत उत्तरार्धात अशी ताटातूट यावी असा संकेतच आहे, व पुष्कळदा ती एखाद्या गैरसमजावर उभारलेली असल्याने बेगडी वाटते. येथे ती स्वभावातून येते, म्हणून पटते. ल्यूकच्या वडिलांचे उपकथानकही याच सूत्रात बसते: आजाराच्या निमित्ताने मुलाजवळ आलेला हा माणूस गरज सरताच दूर होतो, आणि लेखकाने त्याला क्षमा देण्याची घाई केलेली नाही.

केसी मॅक्विस्टन यांच्या २०१९ मधील ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’मध्ये हाच बनाव आणखी एक पायरी खाली उतरतो. तेथे अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा आणि ब्रिटिश राजपुत्र यांना केवळ मैत्रीचे नाटक करायचे असते, कारण त्यांच्या चारचौघांत झालेल्या भांडणाचा बभ्रा निस्तरायचा असतो. हॉल यांचे जग त्या मानाने साधे, लंडनच्या मध्यमवर्गाचे असले, तरी तेही सुस्थितीतल्या माणसांचेच जग आहे. नोकरी किंवा घर गमावण्याची भीती तेथे येते, परंतु भुकेपर्यंत पोहोचत नाही.

‘हजबंड मटेरियल’ हा या कथेचा पुढचा भाग २०२२ मध्ये आला. त्यात आजूबाजूला लग्ने लागत असताना ल्यूक आणि ऑलिव्हरही लग्न ठरवतात, आणि ऐन विवाहाच्या वेळी ते न करता एकत्र राहण्याचे निवडतात. काही वाचक यामुळे रागावले, परंतु पहिल्या भागाच्या तर्काने पाहता हा शेवट अटळ होता: जी माणसे आपल्या नात्यावर दुसऱ्यांच्या पसंतीचा शिक्का घेण्यास कंटाळली, त्यांना विवाहाचा शिक्काही नकोसा वाटला. अर्थात नाकारण्यासाठी तो हक्क आधी हातात असावा लागतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३७७ मधील तरतूद प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवली, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार देऊन तो प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. त्यामुळे लग्नाच्या मांडवातून स्वखुशीने मागे फिरणाऱ्या या जोडप्याचा निर्णय येथील वाचकाला लंडनच्या वाचकापेक्षा बराच चैनीचा वाटण्याचा संभव आहे.